फेरो, तुली, लातुम् : एका लॅटिन धातूची दोन मुळे

संस्कृत व्याकरणाची चांगली बैठक असलेल्या आणि लॅटिन नुकतेच शिकू लागलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे : ‘वाहून नेणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूची मुख्य रूपे कोशात ‘फेरो, फेर्रे, तुली, लातुम्’ अशी दिलेली असतात, ही चारही रूपे एकाच धातूची कशी, त्यांचा उगम कोणता, आणि हा धातू चालवायचा कसा? यातील उगमाचा भाग नीट उमगला की रूपे पाठ करण्याचे कष्ट निम्म्याने कमी होतात, असा माझा लॅटिन शिकवतानाचा अनुभव आहे. म्हणून उगमाबद्दल जरा विस्ताराने लिहितो.

आधी उच्चाराबद्दल थोडेसे. लॅटिनमधला ‘फ’ हा आपल्या ‘फळ’मधल्या ‘फ’सारखा महाप्राण नाही, खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून होणारा तो घर्षक वर्ण आहे. ‘फेरो’मधला ‘ए’ ह्रस्व आहे, आणि हे देवनागरीत दाखवता येत नाही. ‘तुली’तला ‘उ’ ह्रस्व व ‘ई’ दीर्घ, तर ‘लातुम्’मधला ‘आ’ दीर्घ आहे. पद्य वाचताना या मात्रा चुकल्या तर वृत्त कोसळते, म्हणून त्या पहिल्या दिवसापासून कानात बसवाव्यात.

‘फेरो’ हे वर्तमानकाळाचे प्रथमपुरुषी एकवचन (संस्कृत परिभाषेत उत्तमपुरुष), आणि ते संस्कृतातल्या ‘भृ’ धातूचे सख्खे भावंड आहे. मूळ भारोपीय भाषेतल्या (संस्कृत, ग्रीक, लॅटिन आदी भाषांच्या कल्पित पूर्वज भाषेतल्या) शब्दारंभीच्या ‘भ’चा संस्कृतात ‘भ’ राहिला, ग्रीकमध्ये ‘फ’ (तोही मुळात महाप्राणच), लॅटिनमध्ये घर्षक ‘फ’ आणि जर्मानिक भाषांत ‘ब’ झाला. त्यामुळे संस्कृत ‘भरामि’, ग्रीक ‘फेरो’, लॅटिन ‘फेरो’, गॉथिक ‘बाइरा’ आणि इंग्रजीतला ‘बेअर’ ही एकाच मुळाची फळे ठरतात. ‘भ्राता’ आणि ‘फ्रातेर्’ या जोडीतही हाच नियम दिसतो. शब्दाच्या मध्यभागी मात्र लॅटिनने त्याच ‘भ’चा ‘ब’ केला : ‘नभस्’शी नाते असलेला लॅटिन शब्द ‘नेबुला’ आहे आणि ‘तुभ्यम्’शी नाते असलेला ‘तिबि’. हा दुसरा नियम ध्यानात ठेवावा, पुढे अपूर्ण भूतकाळाच्या रूपांत तो उपयोगी पडेल. मराठीतले भरणे, भार, भर्ता, भृत्य हे शब्दही याच कुळातले आहेत.

रूपे शेजारी-शेजारी ठेवली की नाते अधिक स्पष्ट होते. भरामि, भरसि, भरति, भरामः, भरथ, भरन्ति. आणि लॅटिनमध्ये फेरो, फेर्स्, फेर्त्, फेरिमुस्, फेर्तिस्, फेरुन्त्. अशाच तुलनांच्या आधारावर फ्रान्त्स बॉप याने १८१६ साली संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फार्सी आणि जर्मानिक भाषांच्या क्रियारूपांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला आणि तौलनिक भाषाशास्त्राला शास्त्राचे रूप आले.

आता ‘तुली’ आणि ‘लातुम्’. बहुतेक विद्यार्थी असे धरून चालतात की येथे तीन वेगवेगळे धातू एकत्र आले आहेत. तसे नाही. धातू दोनच आहेत, कारण ‘तुली’ आणि ‘लातुम्’ ही दोन्ही रूपे एकाच मुळापासून निघाली आहेत. ते मूळ म्हणजे ‘उचलणे, पेलणे’ या अर्थाचा भारोपीय धातू, ज्यापासून संस्कृतात ‘तुला’ आणि ‘तोलयति’ हे शब्द आले, मराठीत ‘तोलणे’ आले, आणि राशींमधली ‘तूळ’ही आली. ग्रीकमध्ये याच मुळापासून ‘सोसणे’ या अर्थाचे ‘त्लेनाय’ हे रूप आणि वजनाच्या एका मापाचे ‘तालान्तोन्’ हे नाव मिळते. लॅटिनमध्ये ‘तोल्लो’ (मी उचलतो) आणि ‘तोलेरो’ (मी सहन करतो) हे धातू त्याच घरचे आहेत.

‘तुली’चे जुने रूप ‘तेतुली’ होते, आणि प्लाउतुस व तेरेन्तिउस या जुन्या नाटककारांच्या संवादांत ते आढळते. संस्कृत शिकलेल्या वाचकाला यातले द्वित्व लगेच ओळखू येईल. लिट् लकारात (परोक्ष भूतकाळात) ‘दा’चे ‘ददौ’ होते, तसे लॅटिनमध्ये ‘दो’चे ‘देदी’ आणि ‘कानो’चे ‘केकिनी’ होते, आणि तोच प्रकार ‘तेतुली’त आहे. उपसर्ग लागल्यावर लॅटिनमध्ये हे द्वित्व सहसा गळून पडते. ‘फेरो’ हा धातू उपसर्गांसह इतका वापरला जात असे की त्या उपसर्गयुक्त रूपांच्या प्रभावाने साधे रूपही ‘तुली’ असेच रूढ झाले. एका ठिकाणी मात्र जुन्या द्वित्वाची खूण टिकली आहे. ‘रे’ हा उपसर्ग लागून झालेले रूप ‘रेतुली’ असे न होता ‘रेत्तुली’ असे दोन ‘त्’ घेऊन होते, कारण ते मुळात ‘रे-तेतुली’ होते आणि मधला ह्रस्व ‘ए’ लोपला. शब्दकोशात हा जादा ‘त्’ पाहून छपाईची चूक वाटते, पण तो अडीच हजार वर्षांपूर्वीच्या द्वित्वाचा अवशेष आहे.

‘लातुम्’ हे मूळचे ‘त्लातुम्’. लॅटिन भाषेला शब्दारंभी ‘त्ल’ हा जोड चालत नाही, म्हणून ‘त्’ गेला आणि ‘लातुम्’ उरले. ग्रीकमध्ये असा निर्बंध नसल्याने तिथे ‘त्लेतोस्’ हे जुळे रूप ‘त्’सकट शिल्लक आहे. मग ‘तुल्’ आणि ‘त्ला’ यांच्या स्वरांत फरक का, असा प्रश्न उरतो. मुळातल्या ‘लृ’सारख्या स्वरात्मक व्यंजनापुढे एक कंठ्य व्यंजन होते. ते लोपताना लॅटिनमध्ये ‘ला’ असे दीर्घ रूप तयार झाले. हा बदल एकट्या ‘लातुम्’पुरता नाही. संस्कृत ‘ऊर्णा’ (लोकर) आणि लॅटिन ‘लाना’ (लोकर) हे एकाच शब्दाचे दोन वंशज आहेत आणि तिथेही नेमके हेच घडले आहे.

या सगळ्यात सर्वात रंजक गोष्ट ‘तोल्लो’ या धातूची आहे. ‘तुली’ आणि ‘लातुम्’ ही खरे तर त्याची हक्काची रूपे. ‘फेरो’ने ती घेतल्यावर ‘तोल्लो’कडे पूर्ण भूतकाळच उरला नाही. तेव्हा त्याने ‘सुफ्फेरो’ (खालून पेलणे, सोसणे) या उपसर्गयुक्त धातूची ‘सुस्तुली’ आणि ‘सुब्लातुम्’ ही रूपे घेतली. म्हणजे स्वतःचीच रूपे उपसर्ग लावून त्याला परत मिळाली, आणि ‘सुफ्फेरो’ला मात्र भूतकाळासाठी दुसरा धातू पाहावा लागला. ‘तोल्लो’ हा धातू गोव्यातल्या आणि वसईतल्या कॅथलिक कुटुंबांतील ज्येष्ठांच्या कानांवरून गेलेला आहे. १९६०च्या दशकातील सुधारणांपूर्वी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये होत असे आणि तिच्यातल्या ‘आग्नुस देई’ या प्रार्थनेत ‘क्वी तोल्लिस पेक्काता मुन्दी’, म्हणजे ‘जगाची पापे दूर करणाऱ्या’, असे देवाच्या कोकराला म्हटलेले आहे.

एका धातूने दुसऱ्याची रूपे का घ्यावीत? याचे कारण अर्थात आहे. ‘भृ’चे मूळ ‘वाहत राहणे, सोबत घेऊन चालणे’ अशी चालू, लांबत जाणारी क्रिया सांगते. ‘उचलले आणि नेले’ अशी पुरी झालेली क्रिया सांगण्यास ते स्वभावतः सोयीचे नव्हते, म्हणून पूर्णतेसाठी भाषेने क्षणिक क्रियेचा दुसरा धातू जोडीला घेतला. ग्रीकमध्ये याच अर्थाच्या धातूला वर्तमानात ‘फेरो’, भविष्यात ‘ओइसो’ आणि भूतात ‘एनेन्का’ अशी खरोखरच तीन वेगळी मुळे लागतात. संस्कृतने मात्र ‘बभार’ आणि ‘भृत’ अशी रूपे एकाच धातूपासून घडवली. या प्रकारच्या रूपपूर्तीवर हेरमान ओस्टहोफ या जर्मन भाषापंडिताने १८९९ साली स्वतंत्र प्रबंध लिहिला होता.

संस्कृताच्या विद्यार्थ्याला यात बिचकण्यासारखे काही नाही. पाणिनीने ‘अस्तेर्भूः’ आणि ‘ब्रुवो वचिः’ या सूत्रांत अस्-च्या जागी भू आणि ब्रू-च्या जागी वच् असे आदेश सांगितले आहेत, आणि ‘पश्यति’चे भूतकालवाचक विशेषण ‘दृष्ट’ होते हे कोणालाच खटकत नाही. मराठीत तर आपण हे रोज करतो. ‘जातो’मध्ये संस्कृत ‘या’ धातू आहे आणि ‘गेला’मध्ये ‘गम्’चे ‘गत’ आहे, तरी दोन्ही रूपे एकाच क्रियापदाची आहेत याबद्दल लहान मुलालाही शंका येत नाही.

आता रूपे. वर्तमान कर्तरीची सहा रूपे वर आलीच आहेत. त्यांतील ‘फेर्स्’, ‘फेर्त्’, ‘फेर्तिस्’ या तीन ठिकाणी धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये अपेक्षित ‘इ’ नाही. लॅटिनच्या तिसऱ्या गणातल्या ‘रेगो’सारख्या धातूचे ‘रेगिस्, रेगित्, रेगितिस्’ होते, तसे ‘फेरिस्’ होत नाही. याची उपपत्ती दोन प्रकारे दिली जाते. वेदांत ‘भरति’ व ‘बिभर्ति’ यांबरोबर ‘भर्ति’ असेही रूप सापडते, म्हणून काही अभ्यासक लॅटिनची ही रूपे मूळचीच स्वरविरहित मानतात. इतरांच्या मते ‘र’नंतरचा ह्रस्व स्वर पुढे लोपला. मला दुसरे मत अधिक पटते, कारण ‘फेरिमुस्’ आणि ‘फेरुन्त्’मध्ये स्वर टिकून आहे आणि बाकीच्या काळांतही हा धातू तिसऱ्या गणासारखाच वागतो. ‘फेर्रे’ या इन्फिनिटिव्हमधला (‘नेणे’ अशा भाववाचक क्रियारूपामधला) दुसरा ‘र’ मुळात ‘स’ होता : ‘फेर्-से’चे ‘फेर्रे’ झाले, जसे ‘वेल्-से’चे ‘वेल्ले’ झाले. ‘एस्से’ (असणे) या रूपात तो ‘से’ अजून जसाच्या तसा दिसतो.

कर्मणी वर्तमानकाळ : फेरोर्, फेर्रिस्, फेर्तुर्, फेरिमुर्, फेरिमिनी, फेरुन्तुर्, इन्फिनिटिव्ह ‘फेर्री’. आज्ञार्थ एकवचन केवळ ‘फेर्’, अनेकवचन ‘फेर्ते’. स्वर गमावलेले असे एकवचनी आज्ञार्थ चार आहेत, ‘दीक्, दूक्, फक्, फेर्’ (सांग, ने, कर, आण), आणि ते एका दमात म्हणून पाठ करण्याची रीत युरोपातल्या शाळांत जुनी आहे. अपूर्ण भूतकाळ फेरेबम्, फेरेबास्, फेरेबत् असा चालतो. त्यातला ‘बा’ हा अंश ‘भू’ धातूचा अवशेष मानला जातो, आणि मध्यभागी असल्यामुळे त्याचा ‘फ’ न होता ‘ब’ झाला आहे.

भविष्यकाळ आणि वर्तमान संभावनार्थ यांत सर्वाधिक चुका होतात. भविष्य : फेरम्, फेरेस्, फेरेत्, फेरेमुस्, फेरेतिस्, फेरेन्त्. संभावनार्थ : फेरम्, फेरास्, फेरत्, फेरामुस्, फेरातिस्, फेरन्त्. प्रथमपुरुषी एकवचन दोन्हींत एकच असल्याने तिथे वाक्याच्या रचनेवरूनच निर्णय करावा लागतो. पुढच्या रूपांत ‘ए’ असेल तर भविष्य, ‘आ’ किंवा ‘अ’ असेल तर संभावनार्थ. अपूर्ण संभावनार्थासाठी इन्फिनिटिव्हला सरळ प्रत्यय लावावेत : फेर्रेम्, फेर्रेस्, फेर्रेत्. ‘फेरेत्’ (तो नेईल) आणि ‘फेर्रेत्’ (तो नेता तर) यांत केवळ एका ‘र्’चा फरक आहे.

पूर्ण भूतकाळात हा धातू अगदी नियमित आहे : तुली, तुलिस्ती, तुलित्, तुलिमुस्, तुलिस्तिस्, तुलेरुन्त्. त्याच अंगावरून तुलेरम् (नेले होते), तुलेरो (नेलेले असेल), संभावनार्थी तुलेरिम् व तुलिस्सेम् आणि इन्फिनिटिव्ह तुलिस्से ही रूपे होतात. कर्मणी पूर्णभूत ‘लातुस् सुम्’, ‘लातुस् एरम्’ असा, म्हणजे संस्कृतातल्या ‘नीतः अस्मि’च्या धर्तीवर बनतो, आणि ‘लातुस्’ हे विशेषण प्रथमेतल्या नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते. वर्तमान धातुसाधित ‘फेरेन्स्, फेरेन्तिस्’ हे ‘भरन्, भरतः’चे प्रतिरूप आहे. भविष्य धातुसाधित ‘लातूरुस्’, विध्यर्थी विशेषण ‘फेरेन्दुस्’. राहता राहिले ‘लातुम्’. हे सुपाइन म्हणजे संस्कृतातल्या ‘दातुम्, कर्तुम्’ यांतल्या ‘तुम्’चेच लॅटिन रूप आहे, आणि गत्यर्थक धातूंबरोबर ‘मदत न्यायला आले’ अशा वाक्यांत हेतू सांगण्यासाठी ते येते.

अर्थांचा विस्तार मोठा आहे, पण त्याची दिशा मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. वाहणे आणि नेणे यांपासून ‘सोसणे’ हा अर्थ निघतो, जसा आपण दुःखाचा भार वाहतो म्हणतो. मग ‘आयग्रे फेर्रे’ म्हणजे एखादी गोष्ट मनाला लावून घेणे, ‘ओपेम् फेर्रे’ म्हणजे साहाय्य करणे, ‘सिग्ना फेर्रे’ (ध्वज वाहणे) म्हणजे सैन्याने कूच करणे. झाड फळ ‘फेर्त्’, रस्ता गावाकडे ‘फेर्त्’. कर्मणीत ‘फेर्री’ म्हणजे वेगाने धावणे, झेपावणे. इथे नेणारा दुसरा कोणी नसतो, आणि ‘वाहवला जाणे’ असे शब्दशः भाषांतर केले तर अर्थ बिघडतो. ‘फेरुन्त्’ म्हणजे ‘लोक सांगतात’ आणि ‘फेर्तुर्’ म्हणजे ‘असे म्हणतात’. ‘होमेरुस् कायकुस् फुइस्से फेर्तुर्’ या वाक्यात होमर प्रथमेत आहे, कारण लॅटिनमध्ये ‘म्हटला जाणारा’ होमरच कर्ता ठरतो. मराठीत आपण ‘होमर आंधळा होता, असे म्हणतात’ असे दोन वाक्यांत सांगतो, त्यामुळे ही रचना सरावानेच हाताला बसते.

रोमन सार्वजनिक जीवनात या धातूला विशेष स्थान होते. ‘लेगेम् फेर्रे’ म्हणजे नागरिकांच्या सभेपुढे कायद्याचा प्रस्ताव मांडणे आणि ‘पेर्फेर्रे’ म्हणजे तो तडीस नेणे; ‘सुफ्फ्रागिउम् फेर्रे’ म्हणजे मत देणे, ‘सेन्तेन्तिअम् फेर्रे’ म्हणजे निर्णय देणे. कायद्याच्या अभ्यासकांना ‘दे लेगे लाता’ (आज आहे तो कायदा) आणि ‘दे लेगे फेरेन्दा’ (असायला हवा तो कायदा) ही जोडी परिचित असते. पहिल्यात भूतकालवाचक विशेषण आहे आणि दुसऱ्यात विध्यर्थी, म्हणजे ‘मांडला गेलेला’ आणि ‘मांडावयाचा’. या दोन शब्दांत धातूची दोन्ही मुळे एकमेकांसमोर उभी राहतात. विधिमंडळासाठी असलेल्या ‘लेजिस्लेचर’ या शब्दातला उत्तरार्धही हाच ‘लातुस्’ आहे.

उपसर्गांमुळे अर्थ किती पालटतो हे प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार ही मालिका पाठ असलेल्यांना वेगळे सांगायला नको. लॅटिनमध्ये ‘हृ’चे ते काम ‘फेरो’ करतो, आणि त्यात संधीचे नियम मिसळतात. ‘अद्’ लागून अफ्फेरो, अत्तुली, अल्लातुम् (आणणे). ‘कोम्’ लागून कोन्फेरो, कोन्तुली, कोल्लातुम् (एकत्र आणणे, ताडून पाहणे). ‘दिस्’ लागून दिफ्फेरो, दिस्तुली, दीलातुम् (पांगवणे, लांबणीवर टाकणे, भिन्न असणे). ‘ओब्’ लागून ओफ्फेरो, ओब्तुली, ओब्लातुम् (पुढे करणे). ‘एक्स्’ लागून एफ्फेरो, एक्स्तुली, एलातुम् (बाहेर नेणे, उंचावणे). ‘दूर नेणे’ या अर्थाचा औफेरो, अब्स्तुली, अब्लातुम् हा विशेष पाहण्याजोगा आहे. भूतकाळात नेहमीचा ‘अब्’ आहे, पण वर्तमानातला ‘औ’ हा संस्कृत ‘अव’चा सगोत्र असलेला वेगळाच उपसर्ग आहे, म्हणजे या एका धातूत मुळे दोन आणि उपसर्गही दोन. याच ‘अब्लातुम्’वरून रोमन वैयाकरणांनी ‘अब्लातीवुस्’ या विभक्तीला नाव दिले. ग्रीकमध्ये ही विभक्ती स्वतंत्र उरलेली नसल्याने ग्रीक वैयाकरणांकडून त्यांना नाव घेता येत नव्हते. आपल्या परंपरेतली ‘अपादान’ ही संज्ञाही ‘दूर काढून घेणे’ असाच अर्थ सांगते.

ट्रान्स्फर, रेफरन्स, कॉन्फरन्स, ऑफर हे शब्द इंग्रजीवाटे मराठीत रुळले आहेत आणि ते सारे ‘फेर्’ अंगाचे आहेत. रिलेशन, ट्रान्स्लेशन, सुपरलेटिव्ह हे ‘लात्’ अंगाचे. त्यामुळे ‘ट्रान्स्फर’ आणि ‘ट्रान्स्लेशन’ ही एकाच लॅटिन धातूची वर्तमान व भूत अंगे आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगितले की ‘ट्रान्स्फेरो, ट्रान्स्तुली, ट्रान्स्लातुम्’ पुन्हा विसरत नाही. समासात उत्तरपदी येणारा ‘-फेर्’ संस्कृतातल्या ‘भूभृत्, शस्त्रभृत्’मधल्या ‘-भृत्’सारखा आहे : सैन्यात ध्वज धरणारा तो ‘सिग्निफेर्’, गरुडचिन्ह धरणारा तो ‘अक्विलिफेर्’, आणि ‘लूकिफेर्’ म्हणजे प्रकाश वाहणारा, पहाटेचा शुक्र.

शेवटी वाचताना फसवणारे काही शब्द. ‘फेरिओ, फेरीरे’ (मारणे), ‘फेरुस्’ (रानटी) आणि ‘फेर्रुम्’ (लोखंड) यांचा ‘फेरो’शी संबंध नाही. ‘रुंद’ या अर्थाचे ‘लातुस्’ विशेषण उच्चारात आपल्या ‘लातुस्’सारखेच आहे, पण त्याचे जुने रूप ‘स्त्लातुस्’ होते आणि मूळही वेगळे. ‘बाजू’ या अर्थाच्या नामात मात्र ‘अ’ ह्रस्व असून ते ‘लतुस्, लतेरिस्’ असे चालते. उलट ‘फेर्तिलिस्’ (सुपीक) आणि ‘फोर्स्’ (दैवयोग, जे पुढ्यात आणले जाते ते) हे शब्द खरोखर याच धातूचे आहेत. ‘फोर्स्’ची घडण तर संस्कृत ‘भृति’शी अक्षरशः जुळते. उपसर्गयुक्त भूतरूपे कोशात शोधताना ‘तुल्’ किंवा ‘लात्’च्या आधी आलेला उपसर्ग सुटा करावा आणि नोंद ‘-फेरो’खाली पाहावी, अपवाद फक्त ‘सुस्तुली’ आणि ‘सुब्लातुम्’ यांचा, कारण ती ‘तोल्लो’खाली सापडतील.